चोकची आडकाठी

ट्यूबलाइट गावोगाव नव्यानेच पोहोचल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. येवल्याचे विणकर अंबादास भांडगे एका ट्यूबच्या उजेडात पैठणी विणत. ट्यूबच्या पट्टीत विजेचा जोर आवरणारा एक जड, काळा चोक होता.

ट्यूब त्याच्यावर सारखी चिडायची. "वीज माझ्यासाठी येते आणि तू मध्येच अडवतोस! सगळी येऊ दे, मग बघ माझा उजेड."

"सगळी आली तर जळून जाशील, बाई," चोक म्हणे. "तुला पचेल तेवढीच देतो."

"मत्सरी मेला!" ट्यूब पुटपुटायची.

एका संध्याकाळी भांडगे पदरावरचा मोर विणत असताना तारांतून एकाएकी फार जोराची वीज आली. कोपऱ्यातला बल्ब फट्‌कन फुटला. ओसरीवरचाही गेला. ट्यूबपर्यंत मात्र जवळजवळ रोजच्याइतकीच वीज पोहोचली, कारण बाकीचा जोर चोकने अंगावर घेतला होता. तो इतका तापला की त्याच्या रंगाचा करपट वास सुटला.

"सोड रे, भाजतोयस!" ट्यूब रडवेली झाली.

"तू उजेड दे," चोक म्हणाला. "त्यांचा मोर अर्धा राहिलाय."

थोड्या वेळाने वीज ताळ्यावर आली. भांडग्यांनी ट्यूबकडे पाहून हात जोडले. "तूच तेवढी तगलीस गं!"

ट्यूब ओशाळली. माणसांशी तिला बोलता येत नव्हते. तिने हळूच पट्टीच्या आत विचारले, "दादा, फार भाजलं का?"