तबकडीवरचा पहिला ओरखडा

एकदा एका गायिकेला आपलं एकटीचं गाणं काढावंसं वाटलं. यात वावगं असं काही नाही. पण ती आजवर कधी एकटी गायलीच नव्हती. ती बँडची गायिका होती, आणि बँडमध्ये वाढलेल्या गळ्याला एक शिस्त लागून जाते. ओळ संपली की माइकपासून जरा मागे सरायचं. कारण ओळीच्या शेवटी ट्रम्पेट बोलतो. गायिका काही म्हणते, ट्रम्पेट त्याला उत्तर देतो, आणि मग पुढची ओळ येते.

ते उत्तर देत असत मास्तर. बँड त्यांनीच उभा केलेला. तरुणपणी मोठ्या हॉटेलांतल्या नाचाच्या दिवाणखान्यांत वाजवलेलं, पुढे लग्नांच्या वरातीत वाजवलेलं. आता वय झालं होतं, दम पुरत नसे, तरी ओळीच्या शेवटची ती जागा ते दुसऱ्या कुणाला देत नसत. या मुलीलाही त्यांनीच घडवलं. शिकवताना ते ‘गा’ असं क्वचित म्हणत. ‘ऐक’ असं म्हणत.

एके दिवशी तालीम संपल्यावर तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “मी माझा अल्बम काढतेय. एकटीचा.”

ड्रमवाल्या याकूबच्या हातातली काठी सुटली आणि घरंगळत मास्तरांच्या पायाशी गेली. कुणी उचलली नाही.

“एकटीचा म्हणजे आम्ही नाही?” याकूबने विचारलं.

“वादक रेकॉर्ड कंपनीच्या शेठचे आहेत.”

“बरं. तुझा पदर पंख्यात अडकला होता त्या लग्नात ड्रम सोडून मी धावलो होतो. शेठ नव्हता आला.”

तिला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण तिचं सगळं लक्ष मास्तरांकडे होतं. ते रागावतील, निदान गप्प होतील, अशी तिची तयारी होती. मास्तरांनी वाकून काठी उचलली, याकूबच्या हाती दिली आणि म्हणाले, “चांगलं आहे. तयार झाला की पहिल्यांदा मला ऐकव.” एवढंच. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

गाणी तिनेच बांधली होती, जुन्या वळणाची. पितळी वाद्यांचा भारदस्त नाद, मागे दोघीतिघींची ‘ऊ ऊ’ अशी मंद साथ, आणि मधोमध पोटातून येणारा एकच आवाज. अशा गाण्याला सोल म्हणतात, सोल म्हणजे आत्मा. मास्तरांच्या ऐन उमेदीत हॉटेलांतून हेच वाजत असे. त्यांच्याकडून ऐकून ऐकूनच ते तिच्यात उतरलं होतं. हल्ली त्याला रेट्रो असं नाव देऊन पुन्हा मागणी आली आहे, हे शेठने बरोबर हेरलं. गाणी मोबाइलवर तर येणारच होती, पण त्याने हौशी लोकांसाठी चक्क जुन्यासारख्या काळ्या तबकड्या काढायचं ठरवलं.

रेकॉर्डिंगला मात्र एक अडचण आली. ओळ संपली की ही सवयीने मागे सरायची. पाय आपोआप सरत. समोर ट्रम्पेट नाही, मास्तर नाहीत, तरी तेवढी जागा सोडून मगच पुढची ओळ घ्यायची. यंत्रावरचा माणूस म्हणाला, “मॅडम, इथं रिकामं रिकामं पडतंय.”

“करकर टाक तिथं,” शेठ म्हणाला. “जुनं विकायचं तर जुनं ऐकू यायला नको?”

कम्प्युटरमध्ये घासलेल्या तबकडीची करकर तयार मिळते. मंद आचेवर खसखस भाजल्यासारखा तो आवाज त्यांनी साऱ्या गाण्यांखाली पसरला आणि त्या रिकाम्या जागांत जरा जास्तच. तिला तो आवडला. खरं सांगायचं तर बरा वाटला. त्या रिकाम्या जागी तिला मास्तर आठवत, आणि करकर भरल्यावर आठवत नसत.

तबकड्या छापून आल्या. दुकानांत जायच्या आधी पहिली तबकडी घेऊन ती तालमीच्या खोलीवर गेली. दुपारची वेळ. बँडची सगळी मंडळी मास्तरांनी बोलावून घेतली होती. शेठही आला होता. तबकडी वाजवायला यंत्र कुणाकडेच नव्हतं, ते तिच्या शेजारच्या काकूंच्या माळ्यावर निघालं. सासऱ्यांच्या वेळचं. काकूंनी ते झाडूनपुसून दिलं आणि यंत्राबरोबर स्वतःही आल्या. यंत्र नाजूक आहे, दुसऱ्याच्या हाती कसं सोडायचं, असं त्यांनी सांगितलं. खरं कारण सगळ्या आळीला ठाऊक होतं. काय चाललंय ते पाहिल्याशिवाय काकूंना भात गोड लागत नसे.

मास्तर ‘चांगलं’ म्हणाले तर गायिकेच्या मनातला बँड सोडल्याचा सल निघणार होता. नाही म्हणाले, तर ज्यासाठी बँड सोडला तेही गेलं, आणि बँड तर गेलेलाच.

मास्तरांनी एक बाजू पूर्ण ऐकली. डोळे मिटून. ओळीच्या शेवटी त्यांची बोटं मांडीवर हलत, जणू ट्रम्पेटच्या कळा दाबत आहेत, आणि मध्येच थांबत. बाजू संपली. त्यांनी तबकडी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली. मग काकूंकडे वळून म्हणाले, “बाई, एखादी पिन आहे का?”

बायकांच्या बांगडीत पिन नाही असं होत नाही. सुई साफ करायची असेल, असं समजून काकूंनी तत्परतेने काढून दिली.

मास्तरांनी पिन उघडली आणि तबकडीच्या कडेपासून मधल्या कागदापर्यंत सरळ ओढत नेली.

आवाज लहानसाच झाला. पण खोलीत कुणाला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. काकूंचा हात तोंडावर गेला. आपल्याच बांगडीतली पिन, हे त्यांना सहन होईना. शेठ अर्धवट उठून तसाच राहिला. याकूब एवढा रागावलेला, पण त्यालाही हे नको होतं. तो म्हणाला, “मास्तर, हे बरं नाही केलंत.”

गायिकेला आधी काही कळलंच नाही. आपण खोलीच्या कोपऱ्यातून हे पाहत आहोत, कुणा दुसऱ्याचं, असं तिला वाटलं. ज्या माणसाने तिला एकदाही वाकडा शब्द ऐकवला नाही, त्याने हे करावं.

“मी बँड सोडला म्हणून?” शेवटी ती म्हणाली.

“खाली बस,” मास्तर म्हणाले. त्यांनी तबकडी पुन्हा यंत्रावर ठेवली आणि सुई टेकवली.

गाणं सुरू झालं. खाली ती खसखशीची करकर होती, आणि आता तिच्यावर दर फेऱ्याला एक टक्. स्पष्ट, एकसारखी.

“हा टक् कुणाचा?” मास्तरांनी विचारलं.

“तुमचा.”

“माझा. आणि या बाईंच्या पिनेचा. पुन्हा कधी ही लागेल तेव्हा टक् होईल, आणि आजची दुपार मला आठवेल. याकूबचं तोंड आठवेल. आता ती करकर ऐक. ती कुणाची?”

ती यंत्राजवळ सरकून ऐकू लागली.

“पोरी, तुझ्या गाण्याचा अजून जन्म व्हायचाय. त्याच्याबरोबर म्हातारं कोण झालं? तबकडीवर ओरखडा पडतो तो ऐकणाऱ्याच्या हातून. कुणी आवडत्या ओळीवर घाईने सुई टेकवतं, कुणाचं मूल हात लावतं, कुणी भांडणात आदळतं. मग तो आवाज त्या घराचा होतो. तू सगळ्यांना एकच ओरखडा आधीच पाडून दिलास. आता त्यांनी काय करायचं?”

ते क्षणभर थांबले. दम लागला होता.

“दुसरं. ओळीच्या शेवटी तू थांबतेस. ती माझी जागा. सोडून गेलीस तरी ती तू राखलीस, हे ऐकून माझ्या जिवाला बरं वाटलं. पण मग तिच्यात धूळ का भरलीस? तिथं मी नाही, तर नाही. रिकामी ठेवायची. ऐकणारा तिथं आपलं काहीतरी म्हणेल. एकट्याने गायचं म्हणजे उत्तराची जागा बुजवायची नसते. उत्तर कोण देईल हे आपल्याला माहीत नसतं, एवढाच फरक.”

गायिकेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आता ते निराळं होतं. नाक पुसत ती म्हणाली, “हे तोंडाने सांगितलं असतं तरी चाललं असतं, मास्तर.”

“तोंडाने सांगितलं असतं तर तू ‘हो मास्तर’ म्हणाली असतीस. आजवर तेच म्हणत आलीस.”

याकूबला हसू आवरेना. त्याने तोंड फिरवलं.

ती शेठकडे वळली. “करकर काढून पुन्हा छापा.”

“वेडी आहेस का? माल तयार आहे. आणि त्या जागी काय टाकू?”

“काही नाही.”

“काही नाही विकायला दुकान उघडलंय मी?”

“मग माझा आवाजही काढा,” ती म्हणाली. ती मागे सरली नाही. मास्तरांनी मान खाली घातली आणि पिन मिटून काकूंना परत केली. मध्ये पडले नाहीत.

शेठने यंत्रावरची तबकडी उचलून हातात फिरवली. मग म्हणाला, “मास्तर, तुम्ही माझी एकच खराब केलीत. हिने सगळ्या केल्या.” पण तो व्यापारी असला तरी त्यालाही कान होते. जाताना तो जिन्यात तिचीच ओळ गुणगुणत होता, आणि ओळ संपल्यावर नकळत थांबत होता, हे काकूंनी नीट ऐकलं.

नवी तबकडी निघायला वेळ लागला. ठरलेला मुहूर्त हुकला. ती फार गाजली असंही नाही, बरी चालली. काकूंनी एक हट्टाने घेतली. यंत्र त्यांनी पुन्हा माळ्यावर चढवलंच नव्हतं.

काही महिन्यांनी गायिका भाजी घेऊन जिना चढत होती. काकूंच्या दारातून तिचाच आवाज येत होता, स्वच्छ, खाली काही नाही. तिसरं गाणं. ओळ संपली. त्या रिकाम्या जागी फोडणीचा चर्र झाला आणि काकूंनी बेसूर आवाजात ‘असं होय’ म्हटलं. मग पुढची ओळ. ती कठड्याला धरून तशीच उभी राहिली. पुढच्या जागी काकूंनी नुसता सुस्कारा सोडला. कशाबद्दल, ते तिला कधी कळणार नव्हतं. आणि मग ऐकू आलं, टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक्.

काकू दारात आल्या आणि तिला पाहून चपापल्या. “अगं, तू केव्हाची उभी आहेस? रागावू नकोस हं. परवा घाईत सुई टेकवली, हात सरकला. मुद्दाम नाही गं केलं.”

“कुठल्या गाण्याला?”

“हेच. हेच मेलं सारखं लावते ना.”

गायिका भाजीची पिशवी पायाशी ठेवून जिन्यावरच बसली. “राहू दे, काकू,” ती म्हणाली, “बंद करू नका.”

आणि दोघींनी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. ओळींच्या शेवटी आता दोघी गप्प राहत होत्या.