सगळ्यांत पुढे म्हातारी

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरातल्या खिंडींना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची.

एका लोहाराची बायको तापानं अंथरुणाला खिळली होती. तिच्या औषधासाठी लोहार तीन बर्फाळ खिंडी ओलांडून पलीकडच्या वैद्याकडे गेला. वैद्यानं मुळ्यांची पुरचुंडी हातात ठेवली आणि बजावलं, "दहा दिवसांच्या आत पोटात गेली पाहिजे. अकराव्या दिवशी हिचा उपयोग नाही."

परतताना त्याला सोबत मिळाली. एक वाटाड्या, मीठ विकणारे दोघे भाऊ आणि लोहाराच्याच गावात दिलेल्या लेकीकडे निघालेली एक म्हातारी. तिच्या पाठीवर लोकरीचं गाठोडं होतं. त्या डोंगरात एक रीत होती. सगळ्यांनी एकाच दोराला बांधून घ्यायचं आणि जो सगळ्यांत हळू, त्यानं पुढे चालायचं. तेव्हा म्हातारी पुढे होती आणि तगड्या पायांचा लोहार शेवटी.

दोन खिंडी पार झाल्या. दहाव्या दिवशी सकाळी तिसरी समोर आली. माथ्यावर ढग उतरत होते. म्हातारी दहा पावलं टाकी, थांबे, श्वास घेई, पुन्हा दहा पावलं टाकी. लोहाराचा हात सारखा कमरेच्या पुरचुंडीकडे जात होता.

"आजी, जरा पाय उचला की!" तो ओरडला.

"उचलतेय रे बाबा. दोनच आहेत," म्हातारी मागे न बघता म्हणाली.

मीठवाले भाऊ हसले. लोहाराला हसू आलं नाही. त्यानं दोराची गाठ सोडली.

वाटाड्यानं त्याचा दंड धरला. "घाम फुटेल इतकं चालू नकोस. इथं घामाचंही बर्फ होतं."

"तुझी बायको नाही तापानं फणफणत," लोहार म्हणाला आणि हात झटकून निघाला.

तो शेजारून गेला तेव्हा म्हातारी एवढंच म्हणाली, "माझा मुलगाही फार भरभर चालायचा."

थांबून विचारायला त्याला वेळ नव्हता.

बघता बघता मागची माणसं मुंगीएवढी झाली. लोहार घामानं निथळत चढत राहिला. दुपारी वारा सुटला. भिजलेला सदरा आधी गार पडला, मग कडक झाला. उभा जन्म भट्टीपाशी काढलेल्या त्या माणसाच्या बोटांना स्वतःची पुरचुंडी लागेना. माथा शंभर पावलांवर असताना तो एका खडकाआड टेकला. घटकाभरच बसू, असं म्हणाला. मग पाय उठेनात. डोळे मिटू लागले. सूर्य कलत होता आणि औषध तिथंच होतं.

तेवढ्यात बर्फावर पावलं वाजली. दहा. मग थांबली. मग पुन्हा दहा.

म्हातारीनं गाठोडं सोडलं आणि सगळी लोकर त्याच्या अंगाला गुंडाळली. वाटाड्या म्हणाला, "याला पलीकडे उतरवायला आम्ही तिघेही लागू. आज काही आम्ही गाव गाठत नाही."

लोहारानं डोळ्यांनी कमरेकडे खूण केली. म्हातारीनं पुरचुंडी काढून स्वतःच्या ओच्यात खोवली.

"पण आजी, तुम्ही किती हळू चालता," धाकटा भाऊ म्हणाला.

"हळू चालते. पण आजवर पोहोचलेय," ती म्हणाली. "वारा पडलाय, माथ्यापलीकडे उतारच आहे, खुणेच्या काठ्याही आहेत. याला झोपू देऊ नका."

आणि ती निघाली. दहा पावलं, मग थांबणं, मग दहा पावलं.

दोन दिवसांनी लोहाराला घरी आणलं. दार त्याच्या बायकोनं उघडलं, भिंतीला धरून. चुलीपाशी म्हातारी बसली होती.

"आजी," त्यानं विचारलं, "तुमचा मुलगा?"

म्हातारीनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "आम्ही सगळे पोहोचलो," ती म्हणाली. "तो पुढे गेला होता."

लोहाराच्या पायाची तीन बोटं गेली. पुढे जेव्हा जेव्हा तो खिंडी ओलांडायला निघाला, तेव्हा रीतीप्रमाणे दोराच्या पहिल्या टोकाला त्यालाच बांधलं गेलं. मागून कोणी घाई केली, की तो म्हणे, "उचलतोय रे बाबा. दोनच आहेत."

तात्पर्य : अवघड वाटेवर सोबत सोडून पुढे धावणारा वाटेतच अडतो, सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या पावलानं चालणारे घरी पोहोचतात.