ओढ्याचा घास

“पण ओढ्याला जागा दिली नाही असं कसं म्हणता, बुवा? ही काय दिलीय!”

जनार्दनाने मठाच्या ओसरीवर पसरलेल्या नकाशाच्या एका कोपऱ्यात बोट टेकवलं. तिथे एक हिरवा ठिपका होता.

भिवजीबुवा वाकले. डोळे बारीक करून पाहू लागले.

“माशी बसलीय का रे?”

“माशी नव्हे, बाग आहे ती,” जनार्दन म्हणाला. त्याचा चेहरा पडला.

उमेदीची वर्षं त्याने याच मठात बुवांच्या पायाशी काढली होती. मग शहरात गेला, नगररचना शिकला, नाव कमावलं. आता मठाखालच्या खोऱ्यात मोठी वसाहत व्हायची होती आणि तिची आखणी नेमकी त्याच्याकडे आली होती. उद्या सकाळी यंत्रं येणार होती. त्याआधी नकाशावर त्याची सही हवी होती, आणि सहीआधी त्याला बुवांचा आशीर्वाद हवा होता. आशीर्वाद मागायला आलेला माणूस सकाळपासून वाद घालत बसत नाही, एवढं मात्र त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

“नीट सांग,” बुवा म्हणाले. “आधी काय आखलंस?”

“रस्ते.”

“मग?”

“घरं. दुकानं. गाड्या लावायला जागा.”

“मग?”

“मग जे उरलं, त्यात ओढा बसवला. थोडा वळवावा लागेल… रस्त्याखालून नळातून जाईल. डोह तेवढा बुजेल. पण बागेत कारंजं ठेवलंय, बुवा. आवाज अगदी तसाच येईल.”

“कसा?”

जनार्दनाने नकाशावरचं बोट उचललं.

तो आवाज त्याला सांगता येण्यासारखा नव्हता. शहरात एवढी वर्षं गेली, पण उन्हं कलली की या ओढ्यासाठी त्याचा जीव तुटायचा. डोहाकाठचा तापलेला कातळ आठवायचा. त्यावर ओला पाय ठेवला की चटका आणि गारवा एकदमच लागायचा. आजवर त्याने आखलेल्या प्रत्येक वसाहतीत एक कारंजं होतं. लोक म्हणायचे, साहेबांना कारंज्यांचा भारी सोस! सोस कसला? आईच्या हातची चव हरवलेला माणूस गावभरच्या खानावळी धुंडाळतो, त्यातली गत.

“ऊन चढलं,” बुवा म्हणाले. “चल, जेवून घेऊ.”

चुलीवर पिठलं रटरटत होतं. भाकऱ्या टोपलीत होत्या. जनार्दन सवयीने उठला आणि त्याने पळसाचं एक पान पुढे ओढलं. ज्या ओढ्याच्या पाण्यावर रांधलं, त्याच्या काठच्या धोंड्यापुढे पहिला घास ठेवायचा आणि मगच आपण पानावर बसायचं, असा मठाचा रिवाज होता. तो त्याच्या हाडीमाशी भिनलेला होता.

“राहू दे ते,” बुवा म्हणाले. “आज आधी आपण.”

“आणि ओढ्याचं?”

“बघू. उरलं तर.”

गुरूची आज्ञा म्हणून जनार्दन बसला, पण भाकरी नुसती चिवडत राहिला. बुवा मात्र चवीने जेवत होते. दोनदा पिठलं वाढून घेतलं, मिरचीचा ठेचा मागितला, वर तृप्तीचा ढेकर दिला.

मग त्यांनी पातेलं जवळ ओढलं. बुडाला करपलेली खरवड तेवढी राहिली होती. ती त्यांनी उष्ट्या हाताने खरवडून पानावर घेतली, भाकरीचा एक उष्टा तुकडा शेजारी ठेवला आणि पान घेऊन ते ओढ्याकडे निघाले.

जनार्दन धावत गेला. जन्मात कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. गुरूचा हात धरला.

“बुवा! उष्टं ठेवता?”

“ठेवतोय ना पण?”

“असं ठेवतात का? आधी काढायचं असतं, बुवा! आपल्या पानात पडायच्या आधी. तुम्हीच शिकवलंत ना? सगळ्यांचं भागल्यावर जे उरलं, ते… ते काय देणं झालं?”

…

त्याचा हात सुटला.

खाली ओढा वाहत होता.

जनार्दन तिथेच ओढ्याकडच्या पायरीवर बसला.

“फार झुरलो हो मी याच्यासाठी. तिकडे कुणाला सांगायची सोय नव्हती. आणि आलो तो हे घेऊन…”

बुवांनी पान मठाच्या कुत्र्यापुढे ठेवलं. ओसरीवर परतले आणि राख घेऊन पातेलं घासायला बसले.

जनार्दनही मागोमाग आला.

“आता काय करू, बुवा? सगळं मांडून झालंय. पुन्हा पहिल्यापासून आखायला बसलो तर आज सही होत नाही. सही झाली नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल. तो तर ठिपकासुद्धा ठेवणार नाही.”

“नसेल ठेवत.”

“मग?”

बुवांनी पातेलं विसळलं. उजेडात धरून बूड नीट पाहिलं.

“मला अजून भूक आहे,” ते म्हणाले. “नव्याने रांधू. जा, पाणी आण.”

जनार्दनाने घागर उचलली. पण पाय निघेना. ओसरीवर नकाशा तसाच पसरलेला होता, वाऱ्याने त्याच्या कडा हलत होत्या. तो उंबऱ्यापाशीच घुटमळला.

“बुवा… कुठून आणू?”

बुवांनी चुलीत फुंकर घातली.

“आजच्या दिवस ओढा जवळच आहे.”