दुसरा न

टण... टण... बैलाच्या गळ्यातल्या घंटेचा तो आवाज मी लहानपणी ऐकला. अजून कानात आहे. तो ऐकला की बायका म्हणायच्या, "हेळवी आला." हेळवी म्हणजे घराघरांची वंशावळ वहीत जपणारा, आणि वर्षा-दोन वर्षांनी येऊन ती वाचून दाखवणारा माणूस. त्याच्याच तोंडून ऐकलेली ही गोष्ट.

एकदा एक वृद्ध हेळवी आपल्या शिष्यासह एका विधवा कोष्टिणीच्या कट्ट्यावर उतरला. बाईच्या मुलीचे लग्न ठरले होते; पण त्याच दिवशी नवऱ्या मुलाचा मामा साखरेचा पुडा परत करायला आला. घोंगडीवर पुडा ठेवून तो म्हणाला, "ताई, तुम्हाला पळपुटे म्हणतात, हे आम्हाला उशिरा कळलं. उद्या साथ आली तर ही पोर माझ्या भाच्याला टाकून धूम ठोकायची!"

बाई रडली नाही. हेळव्याला म्हणाली, "बाबा, आमच्या मूळपुरुषाचं ते वाक्य खोडा. पोरीचा जन्म वाया जाईल."

शिष्याने वही उघडून वाचले, "गावावर पटकी आली. सिदाप्पा पळून गेला."

"खोडणार नाही," वृद्ध म्हणाला. "ही वही मी तरुणपणी जुन्या बाडावरून उतरवली. ते बाड काढ."

शिष्याने कसरीने खाल्लेले बाड काढले. मोडीत शब्द सुटे नसतात. अक्षरे सलग धावतात. तो अडखळला. "पळून... बाबा, इथं न दोनदा पडलाय. लिहिणाऱ्याचा हात घसरला असेल."

"मीही तेव्हा असंच म्हटलं, आणि एक न गाळला. आता आहेत तितकी अक्षरं वाच. मोठ्यानं."

"पळून... न... गेला." शिष्याचा आवाज चढला. "सिदाप्पा पळून न गेला! एकट्याने चौदा मयतांना माती दिली. माघारी येणाऱ्यांसाठी विहीर उपसून ठेविली! बाबा, ही ओळ तर नव्या वहीत नाहीच."

"पळालेला माणूस विहीर कशी उपसेल? जुळेना, म्हणून तीही गाळली."

वृद्धाने दौत मागितली. पण बाईचे पान बाजूला ठेवून त्याने स्वतःच्या घराण्याचे पान उघडले आणि आपल्या नावापुढे लिहिले : याने एक अक्षर गाळून एका शूर घराला लाज आणली.

शिष्य कळवळला. "आपल्याच पानावर कशाला, बाबा?"

"मेलेल्या माणसाला बोलता येत नाही, बाळा. आपण लिहू तेवढंच त्याचं बोलणं. स्वतःची चूक लिहायला ज्याचा हात कचरतो, त्यानं दुसऱ्याचा पूर्वज लिहू नये."

मग त्याने बाईच्या पानावर तो न आणि ती ओळ परत घातली.

बाई उठून उभी राहिली. सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सिदाप्पा पळून न गेला!" दोन्ही न स्वच्छ.

मामाने वाकून वहीला हात लावला, तो कपाळाला टेकवला. परत करायला आणलेला साखरेचा पुडा घोंगडीवरून उचलून काखेत घट्ट धरला, आणि "लग्नाची तयारी करा, ताई," म्हणत आपल्या गावच्या वाटेला लागला.