नागूबायची रिकामी जागा

फार फार वर्षांपूर्वी खाडीच्या काठाला साळखार नावाचं गाव होतं. गावाचे पाडे दोन, वरला आणि खालचा, पण दोघांची शेती एकाच बांधाच्या आडोशाला. बांधापलीकडे खारं पाणी आणि अलीकडे हिरवं भात. बांध राहिला तर गाव राहणार, इतकं ते साधं होतं.

त्या बांधाला एक रीत होती. पौषात भात झोडून झालं की बांधभरणी निघायची. मातीची खाण वरल्या पाड्याला आणि बांध खालच्याला, म्हणून मध्ये माणसांची रांग लागायची. एक माणूस वरल्याचा, शेजारी खालच्याचा, मग पुन्हा वरल्याचा. मातीची पाटी हातातून हातात जायची. वर्षभर ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याच्याही हातून पाटी घ्यावीच लागायची. मग तसं नको म्हणून भांडणं आधी तोडायची. पंच बांधावरच बसायचे, ज्याचं गाऱ्हाणं असेल त्यानं उभं राहून सांगायचं, आणि निवाडा झाल्याशिवाय पहिली पाटी हलायची नाही.

खालच्या पाड्यात नागूबाय राहायची. नवरा तरुणपणीच गेलेला. मुलगा एकच, हसुराम. बांधाला पाण्याचं दार होतं, त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला उघाडीच्या तोंडाशी मासळी सापडे. ती कुणी कधी धरायची याची घराघराला पाळी होती, आणि भरतीला दार बंद ठेवायचं हा नियम.

एके सकाळी हसुराम उघाडीवर गेला, तर वरल्या पाड्याचा बामा तिथं जाळं लावून बसलेला. बामा म्हणजे जोमा पाटलाचा लेक. पाळी त्याची नव्हती. वर भरती चढत होती, तरी जास्त मासळी आत यावी म्हणून त्यानं दार उघडंच ठेवलेलं. खारं पाणी भातात शिरत होतं. हसुरामनं पुढं होऊन दार खाली सोडून बंद केलं, तशी बामानं दाराची फळी उचलून त्याच्या डोक्यात घातली. हसुराम पुन्हा उठला नाही.

नागूबाय मागून भाकरी घेऊन येत होती. तिनं ते पाहिलं. फडक्यातली भाकरी तिच्या हातात तशीच राहिली.

त्या वर्षी पंच बांधावर बसले, आणि मधल्या जागी जोमा पाटील. रक्त सांडलं तर काय, याचीही रीत ठरलेली होती. करणाऱ्यानं आपलं करणं साऱ्या गावासमोर बोलायचं, जन्मभर खाणीच्या तळाशी उभं राहून माती भरायची आणि उघाडीची आपली पाळी मेलेल्याच्या घराला द्यायची. पण लेक पाटलाचा होता. पंच इकडेतिकडे बघू लागले. पाटील मऊ आवाजात म्हणाला, "नागूबाय, पोर गेला तो काय परत येनार हाय? भरनी तोंडावर आलीय. गावात शांती रव दे."

सगळ्यांना ते बरं वाटलं. शांती कुणाला नको असते?

नागूबाय उभी राहिली. "मना भात नको, जमीन नको," ती म्हणाली. "त्यानं काय केलं ते त्यानं हितं उभं रहून सांगावं. रीत हाय ती त्याला द्यावी. बस."

पंचांनी बामाला उभं केलं नाही. नागूबायनं तिथंच व्रत धरलं, बामा हे गावासमोर बोलेतो मिठाला शिवायचं नाही. मागून कुणीतरी हसून विचारलं, "का गो बाय, तू अळनी खाल्लंस तं दर्या काय पंचायतीत येऊन बसनार?"

"बसलेलाच हाय," ती म्हणाली. "तो बोलत नाय इतकंच."

भरणी निघाली. रीतीप्रमाणे नागूबाय रांगेत उभी राहिली. तिच्या वरच्या अंगाला जाणूनबुजून बामालाच उभं केलं होतं, म्हणजे एकदा पाटी घेतली की प्रकरण मिटलं. तिनं हात पुढं केले, पाटी घेतलीसुद्धा. आणि असं म्हणतात, तिच्या हातात येताच त्या मातीचं पाणी झालं. पाटीच्या फटींतून सारं गळून गेलं.

लोक म्हणाले, म्हातारीचे हात गळाले. तिला बाजूला करून तिच्या जागी दुसरी बाई उभी केली. बामाकडून पाटी तिच्या हातात आली आणि तीही माती वाहून गेली. तिसरीचंही तेच झालं. मग ती जागाच सोडून रांग सरकवून घेतली, आणि बांध कसाबसा लिंपला.

भाद्रपदाच्या पुनवेला मोठं उधाण आलं. भात पोटरीत होतं, कणसं बाहेर पडायची होती. बांध फुटून खांड पडली ती नेमकी रांगेतल्या त्या सोडलेल्या जागेच्या समोर, आणि खाडी शेतातून चालत घरांपर्यंत आली. पाणी ओसरलं तेव्हा हिरवं काही उरलं नव्हतं. पांढरी जमीन उन्हात चमकत होती.

खांड बुजवायला रांग हवी होती, पण आता कोण कुणाच्या शेजारी उभं राहणार? पाटलाच्या लेकाला नियम नाही, मग आम्हाला कसला, असं जो तो म्हणू लागला. ज्याच्या अंगात जोर तो उघाडीवर बसला. वरल्यांनी खालच्यांची जाळी कापली, खालच्यांनी वरल्यांची गवताची गंजी पेटवली. दर भरतीला खांड रुंदावत गेली. विहिरी मचूळ झाल्या, सोयरिकी तुटल्या, आणि कितीतरी घरं दारं ओढून परमुलखातल्या मिठागरांवर मीठ ओढायला गेली. शांती राखायची म्हणून जे झाकलं होतं, त्यानं गावात शांती ठेवली नाही आणि शेतीही ठेवली नाही. गावभर मीठ पसरलं होतं, आणि नागूबायच्या ताटात तेवढं ते नव्हतं.

पुढं बामाला मूल झालं. उष्टावणाचा दिवस आला, पण लेकराच्या तोंडाला लावायला गावच्या मातीतले मूठभर तांदूळ कुणाच्या घरी नव्हते. बामाची बायको सोनकी खालच्या पाड्यात आली आणि नागूबायच्या दारात खाली मान घालून उभी राहिली. नागूबायनं मडक्यात बियाणं राखलं होतं, हसुरामच्या हातचं. शेवटचं. तिनं ओंजळभर काढून कांडलं आणि सोनकीच्या पदरात घातलं.

"लेकराला दे. त्यानं काय केलं नाय."

सोनकीनं भात शिजवला. लेकराला चाटवून उरलेला घास नवऱ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "कोनाच्या घरचा हाय, इचारा तरी."

बामानं विचारलं नाही. त्याला ते कळलं. त्यानं तो घास तसाच ठेवला. तो उठला आणि थेट बांधावर जाऊन उभा राहिला. ओरडून त्यानं आपलं करणं सांगितलं, ते दोन्ही पाड्यांनी ऐकलं. पंच जमले, आणि लेकाला शिक्षा सांगायची वेळ जोमा पाटलावरच आली. म्हाताऱ्यानं एक अक्षर गाळलं नाही.

रांग पुन्हा लागली. पहिली पाटी बामानं खाणीच्या तळातून भरली आणि रीतीपुरता एकदाच वर येऊन ती नागूबायच्या हातात दिली. माती मातीच राहिली. बांध वर चढू लागला. लोक रडले, हसले, म्हणाले, चला, सगळं नीट झालं.

"नीट झालं," नागूबाय म्हणाली, "तं हसुराम कुठं हाय?"

 कुणीतरी तिच्या हातावर चिमूटभर मीठ ठेवलं. तिनं ते जिभेला लावलं आणि शेवटची पाटी घेऊन ती खांडीकडे गेली. असं म्हणतात, माणसांनी मान वळवून पाहिलं तेव्हा तिथं पाटी होती, नागूबाय नव्हती. खांड बुजली होती.

जमीन हळूहळू गोडी झाली. पण खांडीसमोरचा एक पट्टा अजून पांढराच आहे, तिथं काही उगवत नाही, आणि परमुलखात गेलेली घरंही परतली नाहीत.

अजूनही साळखारात भरणीच्या दिवशी बाया अळणी जेवतात. आधी गाऱ्हाणी ऐकतात, निवाडा होतो, मग रांग लागते. रांगेत एक जागा मोकळी सोडतात. तिच्या दोन्ही बाजूंची माणसं, एक वरल्याचं आणि एक खालच्याचं, हात लांब करून त्या रिकाम्या जागेवरून पाटी देतात नि घेतात. कधी निवाड्यात कुणाला झुकतं माप मिळालं असेल, तर तिथं पोचल्यावर पाटी जड होते म्हणतात. मग रांग थांबते. कुणी कुणावर ओरडत नाही. पाटी खाली ठेवतात आणि पंच पुन्हा बसतात.