ढोलीचं दार

झाडांच्या ढोल्या राजाच्या हुकमाने कोरल्या जात, त्या काळची गोष्ट. अख्ख्या रानाच्या ढोल्यांचं कंत्राट सुतारपक्ष्याकडे होतं. राजा बदलला की नियम बदलायचा. मोर म्हणाला, दारं पूर्वेला हवीत. याने पूर्वेला केली. घुबड म्हणालं, पश्चिमेला. याने पश्चिमेला केली. "वारा येईल तशी पाठ द्यावी," असं तो बायकोला ऐटीत सांगे.

मग ससाणा गादीवर आला. "दारं चांगली रुंद करा," तो म्हणाला. "पिल्लांची खुशाली आम्हाला जातीने बघायची आहे."

सुतारपक्षी काय समजायचं ते समजला. 'मी नाही केलं, तर दुसरा कुणी करेलच,' असं मनाशी म्हणत त्याने चोच चालवली. एकेक करून रानातल्या ढोल्या चिडीचूप झाल्या.

एका दुपारी पोपटीण धापा टाकत त्याच्या दाराशी आली. पंखाखाली तिचं उरलेलं एकुलतं पिल्लू होतं. "सुतारदादा, वर ससाणा घिरट्या घालतोय. जरा आत घेता का?"

तो बाजूला झाला. ती अंग चोरून कशीबशी आत शिरली. आत त्याची तिन्ही पिल्लं सुखाने झोपली होती. तिने वळून दाराकडे पाहिलं.

"किती बेताचं केलंय हो," ती कौतुकाने म्हणाली. "आमचंही आधी अस्संच करून दिलं होतंत."

सुतारपक्ष्याची मान वर होईना.

तेव्हापासून तो झाडावर डोकं आपटतोय. येणारेजाणारे म्हणतात, कंत्राटदाराचं काम जोरात चाललंय.