गोजाक्काचा शब्द

फार फार वर्षं झाली, करंजमाळात गोजाक्का नावाची हाडवैदीण होती. मोडलेलं हाड ती नुसत्या बोटांनी ओळखायची. गाडीखाली सापडलेला बैलही तिनं पायांवर उभा केला, असं म्हणतात.

तिचा धाकटा भाऊ भिवा पैलवान होता. एका जत्रेत पहिल्याच कुस्तीत तो उलटा पडला आणि डोकं आखाड्याच्या दगडी काठावर आदळलं. तरी तो उठला, हसला, कुस्ती जिंकलासुद्धा. लोकांनी फेटे उडवले. पण काठावर येऊन त्यानं बहिणीला तीनदा विचारलं, "आक्का, आई आली नाही व्हय?"

आई जाऊन चार वर्षं झाली होती.

गोजाक्का थेट जत्रा भरवणाऱ्या इनामदारापुढं गेली. "त्याची दुसरी कुस्ती लावू नका."

"रक्ताचा थेंब नाही, बाई. लागलंय कुठं?"

"दह्याचं गाडगं हिसडलं तर गाडगं फुटत नाही, आतलं दही मोडतं. तसा त्याचा मेंदू आत हिंदकळलाय. आणखी एक दणका सोसायचा नाही त्याला."

इनामदार हसला, म्हणून सगळे हसले. बाईमाणसाला आखाड्यात उतरायची बंदी होती. चौघांनी तिला धरून ठेवलं आणि हलगी कडाडली.

दुसऱ्यांदा भिवा फार जोरात पडलाही नाही. पण उठला नाही.

सहा दिवसांनी त्यानं डोळे उघडले. मग घरची वाट विसरला, हातातला घास विसरला, कारण नसताना बहिणीवर हात उगारू लागला. बाहेरची बाधा झाली, असं गाव म्हणू लागलं.

"बाधा तुमच्या हौसेची झाली त्याला!" गोजाक्का भर चावडीवर कडाडली.

पुढच्या जत्रेत ती भिवाचा हात धरून आखाड्यात उतरली. अडवायला कुणी धजलं नाही. तिनं मातीवर मूठ आपटली आणि तेल-ताक पाजलेली ती मऊ लाल माती काळा कातळ झाली, असं म्हणतात. पहारी वाकल्या, कुदळी तुटल्या. सात वर्षं कुस्ती झाली नाही.

आठव्या वर्षी इनामदार अनवाणी आला आणि भिवाच्या पायांवर पडून रडला. भिवानं त्याला ओळखलं नाही. गोजाक्कानं त्याला माफ केलं नाही. एवढंच म्हणाली, "माती परत मऊ करून देते. पण इथं शब्द माझा चालेल."

आजही करंजमाळात पैलवानाचं डोकं आपटलं, की गर्दीतली कुठलीही बाई चपला काढून आखाड्यात उतरते आणि म्हणते, "गोजाक्का थांबा म्हणते." हलगीवरची काठी हवेतच राहते. जिंकत असला तरी तो गडी त्या साली पुन्हा मातीत उतरत नाही. त्याच्या उशाशी लक्ष ठेवायला माणूस बसवतात. आणि एखादा पंच कुरकुरलाच, तर बाकीच्या बायाही उठून उभ्या राहतात.